अजिबात दुखणार नाही

माणूस किती सुसंस्कृत आहे हे पाहायचं असेल तर त्याच्या भिंतीवरच्या पदव्या पाहू नका, त्याच्या ताब्यात असलेल्या मुक्या जिवाकडे पाहा. हे वाक्य मी दातांच्या डॉक्टरला त्याच्या तोंडावर सुनावलं. दुर्दैवाने त्या वेळी माझ्या तोंडात कापसाचे दोन बोळे, एक आरसा आणि लाळ ओढणारी नळी होती. त्यामुळे त्याला "आंआं उंउं हाआं" एवढंच ऐकू गेलं, आणि त्याने बधिर करायचं औषध आणखी थोडं टोचलं.

विषय पोपटाचा होता. दवाखान्यात बाहेर बसायच्या खोलीत, पाण्याचं यंत्र आणि फाटक्या मासिकांचं टेबल यांच्यामधल्या कोपऱ्यात एक पिंजरा होता. त्यात एक राखाडी पोपट आणि एक लहानसं पिवळं, तुरेवालं पाखरू. पोपटाचं डोकं एखाद्या सभेच्या अध्यक्षासारखं होतं, चापूनचोपून बसवलेलं आणि गंभीर. मानेखाली मात्र अध्यक्ष उघडे होते. छाती, पोट, मांड्या, सगळीकडे खाटकाच्या दुकानात टांगलेलं असतं तसं गुलाबी खडबडीत कातडं. डोकं शाबूत राहण्याचं कारण एवढंच, की स्वतःची चोच तिथवर पोचत नाही. जिथे पोचत होती तिथलं एकेक पीस त्याने स्वतः उपटून काढलं होतं.

मी रिसेप्शनवरच्या बाईंना विचारलं, "आजारी आहे का हो हा?"

"नाही. सवय आहे त्याला," त्या मोबाईलमधून मान वर न करता म्हणाल्या.

"खायला काय देता?"

"सूर्यफुलाच्या बिया. वाटी कायम भरलेली असते. बघा ना."

बघितलं. वाटी भरलेली होती, टरफलांनी. बिया कधीच्या संपल्या होत्या. वरून पाहणाऱ्याला भरलेली वाटी दिसत होती, आणि त्या दवाखान्यात सगळेच वरून पाहत होते.

आतलं यंत्र थांबलं की पिंजऱ्यातलं सुरू व्हायचं. दात कोरायच्या यंत्राचा तो बारीक, कवटीत शिरणारा आवाज पोपट इतका हुबेहूब काढायचा, की बाहेर बसलेली माणसं गाल धरायची. मधूनच तो फर्मावायचा, "आ करा." मग थोडं थांबून, "थुंका." एका गृहस्थांनी सवयीने थुंकायला जागाही शोधली.

पुढच्या खेपेला गेलो तर कोपरा मोकळा. त्या जागी प्लास्टिकचं झाड. पिंजरा मागच्या खोलीत हलवला होता, हवेच्या पंपाशेजारी. खोलीला खिडकी नव्हती. पंप दर थोड्या वेळाने धडधडत सुरू व्हायचा, आणि प्रत्येक वेळी दोन्ही पाखरं गजांवर जाऊन आपटायची.

"पेशंट बिचकतात हो," डॉक्टर हातमोजे चढवत हसले. "परवा एक बाई म्हणाल्या, पाळलेल्याची ही गत, तर आमच्या दातांचं काय! पाखरंवाल्याला सांगून ठेवलंय, नेईल एक दिवस. तुम्हाला हवीत? न्या की."

मला राग येत नाही अशी माझी ख्याती आहे. ही ख्याती मीच पसरवली असल्यामुळे तिच्याबद्दल मला खात्री आहे. लोकांची टर उडवणारं लिहून ज्याने पोट भरलं त्याला राग परवडत नाही, रागावलेल्या माणसाचा विनोद फसतो. पण त्या खोलीत माझ्या तळपायाची आग जी निघाली ती मस्तकात जाताना वाटेत त्या दुखऱ्या दाढेलाही भेटून गेली. तोंड सुदैवाने रिकामं होतं.

"द्या," मी म्हणालो.

दाढ भरायला गेलेला नवरा पिंजरा घेऊन परत आलेला पाहून बायकोने दारातच विचारलं, "हे काय? आणि दाढ?"

"दाढ राहिली. अगं, आधी हे बघ."

तिने बघितलं. बायकोने उभी हयात इस्पितळात सिस्टर म्हणून काढली आहे. तिने पिंजरा टेबलावर ठेवून घेतला, चष्मा लावला आणि पोपटाभोवती एक फेरी मारली. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात विचारलं, "कुणी केलं हे?" ती ओरडते तेव्हा मी बिनघोर असतो. हळू बोलली की मी पुरावे शोधायला लागतो.

पोपटाचं नाव तिने तिथल्या तिथे "पेशंट" ठेवलं. पिवळ्याने तोवर पिंजऱ्याच्या गजांतून टेबलावरच्या सफरचंदाला चोच घातली होती. "आणि हा नातेवाईक," ती म्हणाली. "पेशंटच्या उशाशी बसायचं आणि पेशंटची फळं खायची."

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासलं. नातेवाईक ठणठणीत होता, फक्त उपाशी. पेशंटची नखं वाढून वळली होती, चोच एका बाजूला गेली होती, पावलांना एकाच जाडीच्या दांडीवर बसून बसून घट्टे पडले होते. "बाकी रोग काही नाही," त्या म्हणाल्या. "कंटाळा, भीती आणि भूक. पिसं येऊ शकतात. पण पिसांची मुळं पुन्हा पुन्हा दुखावली की मरतात, मग जन्मभर काही उगवत नाही. हा आता त्या काठावर आहे. उपटणं थांबलं पाहिजे, आणि ते तुमच्या हातात नाही, त्याच्या डोक्यात आहे."

मग आमच्या घरात राज्यक्रांती झाली. न चिकटणारे तवे आणि कढया हद्दपार, कारण त्या फार तापल्या की त्यांच्या धुराने पाखरू जागच्या जागी मरतं. नवा, ऐसपैस पिंजरा आणला आणि त्याची एक बाजू भिंतीला लावली, म्हणजे पाठीमागून कुणी येणार नाही अशी त्याला खात्री. दांड्यांच्या जागी वेड्यावाकड्या फांद्या. बियांच्या जागी गाजर, मटार, पालेभाजी. यातलं काहीही अन्न आहे हे पेशंटने मान्य केलं नाही. त्याने गाजराचा तुकडा उचलला, नीट निरखला आणि खाली सोडला. मग वाकून तो खाली पडलेला पाहिला. टाकलेल्या गोष्टीचं पुढे काय होतं हे त्याला पाहायचं होतं असं दिसलं.

माझ्याकडे एकच काम होतं. पिंजऱ्याशेजारी तिरपं बसायचं, त्याच्याकडे रोखून बघायचं नाही, आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं, म्हणजे माणसाच्या आवाजाची भीती मोडते. पहिल्या पानावरच्या बातम्या ऐकून पेशंट छातीकडे वळला तेव्हा बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, भलतंसलतं काय वाचताय? त्या बातम्या ऐकून मीसुद्धा उपटीन!" तेव्हापासून मला फक्त हवामान आणि घरगुती वस्तूंच्या जाहिराती वाचायची परवानगी आहे.

याच दिवसांत बायकोचा धाकटा भाऊ येऊन गेला. त्या पिवळ्या जातीचं खरं नाव लांबलचक आहे, पण पाखरंवाले त्याला सरळ "कॉकटेल" म्हणतात. बायकोने भावाला फोनवर सांगितलं, "अरे, घरात कॉकटेल आणलंय, ये की बघायला." हा पठ्ठ्या इस्त्रीचा शर्ट घालून, खाऱ्या दाण्यांचा पुडा घेऊन, घरी आपल्या बायकोला काहीतरी थाप मारून संध्याकाळी हजर. पिंजऱ्यापुढे तो बराच वेळ उभा राहिला.

"हेच?" त्याने विचारलं.

"हेच," मी म्हणालो. "बर्फ घालून देऊ?"

दाणे मीठवाले म्हणून पाखरांना चालले नाहीत. मेहुण्याने ते स्वतःच संपवले, दुःखाने.

नातेवाईक आठवड्याभरात घरचा झाला. शीळ काय घालायचा, माझ्या चष्म्याच्या काडीवर काय चढायचा. पेशंट मात्र कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. दिवसभर यंत्राचा आवाज. आणि एका सकाळी आम्हाला कळलं की त्याला आणखी एक वाक्य येतं.

बायको डाव हातात घेऊन उभी होती. मी पावसाची शक्यता वाचत होतो. पिंजऱ्यातून डॉक्टरचा आवाज आला. तोच, मधात बोट बुडवून काढल्यासारखा.

"अजिबात दुखणार नाही."

मग पेशंटने मान वाकवली, छातीवर नुकताच फुटलेला एक कोंब चोचीत धरला आणि उपटला. उपटताना तो ओरडला. यंत्रासारखा नाही, माणसासारखाही नाही. तो आवाज त्याला कुणाकडून शिकावा लागला नव्हता. उघड्या कातडीवर रक्ताचा थेंब आला.

मी पेपर खाली ठेवला. बायको जागची हलली नाही. डावातलं वरण जमिनीवर ठिबकत होतं.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली. "थांबू नका. घाबरेल तो."

मी वाचलं. पावसाची शक्यता मी त्या दिवशी इतक्या संतापाने वाचली की शेजाऱ्यांनी वाळत घातलेले कपडे आत घेतले.

नंतर आम्ही दोघांनी मिळून ते उलगडलं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्याने ते ऐकलं होतं. वर्षानुवर्षं, सकाळ-संध्याकाळ, दाराच्या पलीकडून. आधी ते वाक्य, मग किंकाळी. वाक्य, किंकाळी. जगाचा क्रमच हा आहे असा त्याने हिशोब मांडला होता. आणि तो क्रम स्वतःवरच चालवल्यामुळे डॉक्टर तोच आणि पेशंटही तोच.

"आम्ही कधी असं म्हणालो नाही," बायको म्हणाली. ती इतकी चिडली होती की पोळपाटावर लाटणं आपटत होती आणि त्याखाली पोळी नव्हती. "एकदाही नाही. आमच्या मोठ्या सिस्टर सांगायच्या, सुई टोचताना खोटं बोलाल तर तो माणूस दुसऱ्यांदा हात देणार नाही. थोडं दुखेल म्हणायचं. माझा हात घट्ट धरा म्हणायचं. दुखणार नाही म्हणे! त्या डॉक्टरचं काय जातंय? दुखतं त्याला!"

तेव्हापासून ती त्याला प्रत्येक वेळी उत्तर द्यायला लागली. तो म्हणायचा, "अजिबात दुखणार नाही." ती जिथे असेल तिथून म्हणायची, "दुखतं रे बाबा, दुखतं." आणि हातातलं काम टाकून त्याच्यापाशी जायची. तिरपी उभी राहून गजांतून एक मटार पुढे करायची. मटार घेताना चोच गुंतलेली असते, आणि गुंतलेल्या चोचीला दुसरा उद्योग करता येत नाही. एवढंच शास्त्र. कधी तो मटार घ्यायचा, कधी पीस. कधी आधी मटार खाऊन मग पीस.

मला वाटलं होतं, एक दिवस तो तिच्या आवाजात "दुखतं" म्हणेल आणि आमचे डोळे भरून येतील. तसं काही झालं नाही. आमच्या घरातून त्याने एकच गोष्ट उचलली, माझा सकाळचा खोकला. तोही माझ्यापेक्षा बरा काढतो.

पण हळूहळू मटारांची सरशी व्हायला लागली. आधी छातीवर राखाडी लव दिसली, मग कोंब, मग कोंबातून टोकं. उन्हात पिंजरा ठेवून बायको पाण्याचा बारीक फवारा मारायची तेव्हा तो पंख उघडून उभा राहायचा आणि अध्यक्ष आता भाषण करणार असं वाटायचं. यंत्राचा आवाज कमी झाला. ते वाक्य तर कित्येक दिवसांत आलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुळं जिवंत आहेत. एवढे दिवस सांभाळलंत, आता धक्का बसू देऊ नका. या वेळी पुन्हा उपटलं तर मी काही सांगू शकत नाही."

आणि एका रविवारी सकाळी दातांचे डॉक्टर आले. स्वतः, न सांगता, भेट म्हणून दोन टूथब्रश घेऊन.

"रिसेप्शनवर कळलं, एकदम झकास झालाय म्हणे आपला पोपट!" सोफ्यावर बसत ते म्हणाले. 'आपला' या शब्दावर बायकोने मान वळवली. "बरं झालं. दवाखान्यात मुलांसाठी वेगळा विभाग काढतोय. रंगीत भिंती, फुगे, खेळणी. म्हटलं, बोलणारा पोपट असला की मुलं आपोआप तोंड उघडतात. पिवळा तुम्ही ठेवा, काही हरकत नाही. मोठा नेतो."

"तुम्ही तो दिला होतात," मी म्हणालो.

"दिला म्हणजे काय, तात्पुरता. तब्येत सुधारेपर्यंत."

"तुम्ही माझ्या दाढेतही काहीतरी तात्पुरतं भरलंत. तेही परत नेणार का?"

ते हसले. डॉक्टरांना माझे विनोद नेहमीच आवडतात, ही त्यांची सगळ्यात संतापजनक सवय आहे. "तसं नाही हो. पण पक्षी मुळात माझाच ना? मी विकत घेतलाय. तुम्हाला लळा लागलाय, समजू शकतो. थोडं वाईट वाटेल एक-दोन दिवस, पण..."

आतल्या खोलीतून त्यांचाच आवाज आला.

"अजिबात दुखणार नाही."

मग ती किंकाळी.

बायको धावली. तिच्यामागे मी, माझ्यामागे डॉक्टर. पिंजऱ्याच्या तळाशी एक पीस पडलं होतं, पूर्ण उमललेलं, करडं, मुळाशी लाल. पेशंट भिंतीला चिकटून थरथरत होता आणि दाराकडे, डॉक्टरांकडे बघत होता. नातेवाईक फांदीच्या दुसऱ्या टोकाला गपगार. मग पेशंटने पुन्हा मान वाकवली, आणि त्याच मऊ आवाजात, घाई न करता, पुन्हा सांगितलं. अजिबात दुखणार नाही. आणि दुसरं उपटलं.

"हां, ही त्याची जुनी सवय," डॉक्टर म्हणाले. "जात नाही ती."

मी आयुष्यात खूप भांडणं लिहिली, केलं एकही नाही. त्या क्षणी मला शब्दच सापडेना. मस्तकात नुसती घंटा वाजत होती. मी टूथब्रशांचं पाकीट उचललं, कशासाठी ते मलाही ठाऊक नाही. फेकून मारलं असतं तरी टूथब्रशने माणसाला काय होणार?

बायकोने मात्र पिंजऱ्याचं दार उघडलं. सताड. आणि बाजूला झाली.

"न्या," ती हळू आवाजात म्हणाली.

"अगं!" मी ओरडलो.

"तुम्ही गप्प बसा हो. डॉक्टर, तुमचा आहे ना? न्या. पिंजरा आमचा आहे, तो मिळणार नाही. हात घाला, उचला आणि घेऊन जा."

डॉक्टर पुढे झाले. हात वर केला. पेशंटने उपटणं थांबवलं आणि त्या हाताकडे पाहिलं. मग चोच उघडली. फार नाही, एखादा अक्रोड बसेल इतकी. रोज दुपारी तो अक्रोड फोडतो, हाताशी दगड नसताना, आणि तो आवाज शेजारच्या घरात जातो. डॉक्टरांनी ती चोच धंद्याच्या नजरेने पाहिली असणार. त्या जबड्याची ताकद त्यांच्याइतकी कोणाला कळणार? त्यांचा हात दारापाशी थबकला. हातमोजा नव्हता. पाचही बोटं स्वच्छ, निमुळती, नखं कापलेली. त्याच बोटांवर तो दवाखाना, तो नवा विभाग, ते फुगे उभे होते.

"याला काही... टॉवेल वगैरे आहे का?" त्यांनी विचारलं.

"टॉवेल कशाला?" बायको म्हणाली. तिने आवाज अगदी मऊ केला, मधात बोट बुडवल्यासारखा. "घाला हात. अजिबात दुखणार नाही."

डॉक्टरांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं.

"आ करा," पेशंट म्हणाला.

डॉक्टरांनी तोंड मिटलं आणि हात मागे घेतला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "काय पद्धत आहे ही?" ते म्हणाले. "घरी आलेल्या माणसाचा असा पाणउतारा करायचा? एका पाखरासाठी? तुमच्या यजमानांची दाढ अजून अर्धी आहे हे विसरू नका. पुन्हा माझ्या दारात आलात तर..."

"नाही येणार," बायको म्हणाली. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. पाठमोरी उभी राहून तिने बोटांत एक मटार धरला होता आणि हात उघड्या दारातून आत घातला होता. आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. "थोडं दुखलं तुला," ती पिंजऱ्याला सांगत होती. "खूप दुखलं. इथे बघ. इथे."

डॉक्टर तरातरा बाहेरच्या दारापर्यंत गेले. मी मागे गेलो, कारण मला आता वाक्य सापडलं होतं, चांगलं लांबलचक, पदव्यांपासून सुरू होऊन मुक्या जिवांपर्यंत जाणारं, आणि या वेळी तोंडात काहीही नव्हतं. डॉक्टरांनी दाराची कडी हातात घेतली. दार आपटायचं ठरवलेल्या माणसाचा पवित्रा मला लांबून ओळखू येतो. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, दबलेला, श्वास रोखून बोलल्यासारखा.

"डॉक्टर, चिडा खुशाल. पण दार तेवढं हळू लावा. त्याने आत्ताच मटार घेतलाय."